शेतीपंप, सूर्याची वीज आणि राज्यकर्त्यांची उशिरांची जाग

उसाला दारें धरण्यासाठीं मध्यरात्रीं विजेरी घेऊन बांधावर जाणें हें बारामती व इंदापूर तालुक्यांतील बागाईतदारास नवें नाहीं. शेतीपंपांस वीज पाळीनें मिळत आली आहे. कांहीं दिवस दिवसां, कांहीं दिवस रात्रीं. रात्रीच्या पाळींत विंचूकाट्याचें भय असतेंच, अलीकडे त्यांत बिबट्याची भर पडली आहे. पाळी दिवसां यावी, ही मागणी म्हणून जुनी आहे.

सूर्यापासून वीज होते हें सरकारास ठाऊक नव्हतें असें नाहीं. केंद्र सरकारनें अपारंपरिक ऊर्जेचें खातें १९८२ सालीं काढलें व राष्ट्रीय सौर अभियान २०१० सालीं सुरू केलें. परंतु आमच्या राज्यकर्त्यांस बिलमाफी अधिक प्रिय होती. २००४ सालीं विधानसभेच्या निवडणुकीपूर्वीं शेतीपंपांस फुकट वीज जाहीर झाली आणि निवडणूक आटोपल्यावर २००५ सालीं ती बंद झाली. पुढें थकबाकी सांचत गेली व स्वस्त विजेचा भार कारखानदारीच्या दरांवर पडत राहिला. सौर वीज युनिटास तीन रुपयांच्या आसपास मिळूं लागली, तेव्हां कोठें २०१७ सालीं मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना निघाली. हें मतपरिवर्तन जमाखर्चानें घडविलें, असें आमचें मत आहे. त्यांत वाईट कांहीं नाहीं. मात्र तें ओळखून असावें.

योजनेचें मर्म ‘वाहिनी’ या शब्दांत आहे. उपकेंद्रापासून केवळ शेतीपंपांस जाणारी तार वेगळी काढावयाची, उपकेंद्राजवळ लहान सौर प्रकल्प उभारावयाचा आणि दिवसां होणारी वीज त्याच तारेवर सोडावयाची. बारामती तालुक्यांत शिरसुफळ येथें महानिर्मिती कंपनीचा ५० मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे. पण असे मोठे प्रकल्प सर्वसाधारण जाळ्यांत वीज सोडतात, त्यामुळें शेजारच्या शेताची पाळी आपोआप बदलत नाहीं. योजनेचा दुसरा टप्पा २०२३ सालीं आला. त्यांत खाजगी जमिनीस हेक्टरीं वार्षिक सव्वा लाख रुपये भाडें व दरसाल तीन टक्के वाढ ठरविली आहे. त्यांतील पहिला प्रकल्प वैजापूर तालुक्यांत धोंदलगांव येथें २०२४ सालीं चालूं झाला.

स्वतःच्या विहिरीवर सौरपंप घेणें हा दुसरा मार्ग. सर्वसाधारण शेतकऱ्यास किंमतीचा दहावा हिस्सा व अनुसूचित जातिजमातींच्या शेतकऱ्यास विसावा हिस्सा भरावा लागतो. पंप जमिनीच्या मानानें तीन, पांच किंवा साडेसात अश्वशक्तीचा मिळतो. सुप्याकडील जिराईत भागांतील विहिरींस तो उपयोगी आहे. उजनीच्या फुगवट्यावरून लांब नळांनीं पाणी उचलणाऱ्या इंदापूरच्या मोठ्या मोटारींचें काम मात्र त्यानें भागत नाहीं. त्यांना वाहिनीच पाहिजे.

एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ पर्यंत साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांस वीजबिल माफ ठरविलें आहे. हीही घोषणा निवडणुकीच्या वर्षींच झाली, आणि उजनीकांठच्या मोठ्या मोटारी तींतही बसत नाहींत. माफीची मुदत संपण्यापूर्वीं आपल्या वाहिनीवर दिवसां वीज आली कीं नाहीं, हें सभासदांनीं आपापल्या उपकेंद्रावर आतांपासूनच विचारीत राहावें. नीरा डावा कालवा १८८५ सालापासून वाहतो आहे, तरी त्याच्या शेवटच्या गांवांस उन्हाळ्यांत पाण्याची वाट पाहावी लागते. तेथें दिवसां मोटार चालूं झाली म्हणून विहिरीचें पाणी वाढणार नाहीं, आणि उसाचें क्षेत्र वाढविण्यापूर्वीं तेवढी विहीर मोजून घ्यावी.