पगार पुण्याचा, कायदा तिथला

‘माणूस आमचा, पगार आमचा, मग मध्येच जर्मनीचा कायदा कुठून आला?’ परदेशी माणसं पाठवणाऱ्या कंपन्यांकडून हा प्रश्न मी अनेकदा ऐकतो. उत्तर सोपं आहे. नोकरी पुण्याची असली, तरी काम ज्या देशात होतं तिथल्या किमान अटी पाळाव्याच लागतात.

समजा, पुण्याचा एक अभियंता वर्षभरासाठी जर्मनीला गेला. तिथे दिवसाचं काम आठ तासांचं. ते दहा तासांपर्यंत वाढवता येतं. पण सहा महिन्यांची सरासरी आठवर आणावी लागते. दोन दिवसांच्या कामात सलग ११ तास विश्रांती हवी. म्हणजे दूरध्वनीवरची बैठक रात्री अकराला संपली, तर सकाळी दहाच्या आत त्याला कामाला लावता येत नाही. आठवडा पाच दिवसांचा असेल, तर वर्षाला किमान २० दिवस भरपगारी रजा मिळते. शिवाय विमानभाडं आणि राहण्याचा खर्च पगारात धरून किमान वेतनाची भरती करता येत नाही.

हे नियम आले कुठून? २००४ मध्ये स्वीडनमधल्या वॅक्सहोम इथे लॅटव्हियाच्या एका कंपनीचे कामगार शाळेच्या इमारतीचं काम करत होते. स्थानिक वेतनकरार नाकारला म्हणून स्वीडिश संघटनांनी काम रोखलं. २००७ मध्ये युरोपीय न्यायालयाने संघटनांच्या विरोधात निकाल दिला. स्वस्त कामगार आणून स्थानिकांचा पगार पाडला जाईल, ही भीती त्यामुळे वाढली. पुढे २०१८ मध्ये युरोपीय संघाने नियम बदलले. एकाच ठिकाणी सारख्या कामाला सारखं वेतन, हे तत्त्व ३० जुलै २०२० पासून लागू झालं.

निवृत्तिवेतनाचं गणित मात्र वेगळं. भारत-जर्मनी करार १ मे २०१७ पासून लागू आहे. भविष्य निर्वाह निधी संघटनेचा दाखला असला, की ४८ महिन्यांपर्यंत तिथली निवृत्तिवेतनाची वर्गणी भरावी लागत नाही. आरोग्य विम्याची सोय मात्र वेगळी करावी लागते.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की व्हिसाबरोबर कामाचे तास, रजा, पगाराची फोड आणि हा दाखला कर्मचाऱ्याच्या हाती लेखी द्या. परक्या मुलुखात एकटा पडलेला माणूस वरिष्ठांना ‘नाही’ म्हणायला कचरतो. तिथे कागदच त्याच्या बाजूने बोलतो.