परत आलेल्यांचा रकाना

मनोविकारांवरचे किंवा व्यसनावरचे उपचार मध्येच सोडून जाणाऱ्यांविषयीच्या संशोधनाचा एक दांडगा आढावा बेकलंड आणि लंडवॉल यांनी १९७५ साली प्रसिद्ध केला. तेव्हापासूनची पन्नास वर्षे नजरेखालून घातली तर एक विषमता डोळ्यांत भरते. कोण सोडून जातो, किती जण जातात, कितव्या भेटीनंतर जातात यावर अफाट लिहिले गेले. गेलेल्यांपैकी परत कोण येतो आणि कशामुळे येतो, हे विचारायला मात्र फार उशीर झाला. १९९३ मध्ये विअर्झबिकी आणि पेकारिक यांनी मानसोपचारांवरचे १२५ अभ्यास एकत्र करून गळतीचे सरासरी प्रमाण जवळजवळ ४७ टक्के काढले. २०१२ मध्ये स्विफ्ट आणि ग्रीनबर्ग यांनी ६६९ अभ्यासांतल्या ८३ हजारांहून अधिक रुग्णांचा हिशेब मांडला, तेव्हा ते २० टक्क्यांच्या आत आले. मधल्या वीस वर्षांत सगळे आलबेल झाले, असे समजून पेढे वाटण्यात अर्थ नाही. ‘सोडून गेला’ असे कोणाला म्हणायचे यावरच हा आकडा हलतो, हे दोन्ही अभ्यासांनी दाखवले आहे. कोणी ठरल्या वेळी न आलेल्याला धरतो, कोणी ठरावीक बैठका पुऱ्या न केलेल्याला, तर कोणी उपचारकाच्या मते लवकर गेलेल्याला. व्याख्या कोणतीही घ्या, रुग्ण दाराबाहेर पडला की मोजणी संपते. माझा आक्षेप नेमका तिथे आहे. अर्धवट सोडणे हा या आजारांच्या वाटचालीतला नेहमीचा टप्पा असेल, तर उपचारव्यवस्थेची परीक्षा सोडून गेलेला किती लवकर आणि किती सहज परत येऊ शकतो यावर व्हायला हवी.

हे काही अशक्य कोटीतले मागणे नाही. आपल्याच देशात क्षयरोगाच्या कार्यक्रमाने ते करून दाखवले होते. १९९७ पासून राबवलेल्या सुधारित कार्यक्रमात रुग्णाची नोंद करताना तो नवा आहे, आजार उलटलेला आहे, की दोन महिने किंवा त्याहून अधिक काळ औषध सोडून परत आलेला आहे, असा भेद केला जाई. परत आलेल्याला रजिस्टरमध्ये स्वतःची जागा होती आणि त्याची उपचारपद्धतीही वेगळी ठरलेली होती. अर्थात त्यामागे निव्वळ माया नव्हती. अर्धवट औषध घेतलेला क्षयरोगी औषधाला दाद न देणारे जंतू दुसऱ्याला देऊ शकतो, ही भीती होती. स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या बंद करणाऱ्याचा किंवा पुन्हा दारूकडे वळलेल्याचा ताप घराच्या चार भिंतींत राहतो. तो बायको सोसते, आई सोसते, म्हणून सरकारी रजिस्टरला त्याची घाई नसते. मानसिक आरोग्याच्या ओपीडीत वर्षभराच्या खंडानंतर आलेल्या माणसाकडे जुना केस पेपर बहुधा नसतो. मग नवा काढला जातो. त्यावर नाव, वय आणि आजची तक्रार एवढेच येते. मागे कोणत्या गोळीने हात कापत होते, कशाने वजन वाढले होते, कोणत्या महिन्यात काम सुटले होते, हे सगळे जुन्या कागदाबरोबर गेलेले असते. कधी कधी जे औषध सोसले नाही म्हणून तो गेला, तेच पुन्हा लिहून दिले जाते.

परत येणे हा अपवाद नसून नियम आहे, याचे पुरावे गेल्या पंचवीस-तीस वर्षांत भक्कम झाले. मॅक्लेलन आणि सहकाऱ्यांनी २००० साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात व्यसनाची तुलना मधुमेह, उच्च रक्तदाब आणि दमा यांच्याशी केली. औषध वेळेवर न घेणे आणि आजार उलटणे या दोन्ही बाबतीत हे चारही आजार एकमेकांच्या फार दूर नव्हते. रक्तदाबाची गोळी सोडून पुन्हा आलेल्या माणसाला कोणी ‘तू गोळ्यांना लायक नाहीस’ म्हणत नाही. २००५ मध्ये डेनिस आणि स्कॉट यांच्या गटाने व्यसनमुक्तीसाठी उपचार घेतलेल्यांचा दीर्घ आलेख काढला. पहिल्या उपचारापासून शेवटच्या सेवनापर्यंतचा मध्यक काळ नऊ वर्षांचा निघाला, आणि त्या काळात एकाहून अधिक वेळा उपचार घेणे हाच रिवाज होता. मनोविकारांचे चित्रही असेच आहे. अमेरिकेतल्या ‘केटी’ या मोठ्या चाचणीत स्किझोफ्रेनियाच्या ७४ टक्के रुग्णांनी पहिले दिलेले औषध दीड वर्षाच्या आत थांबवले. त्यातले काही दुसऱ्या औषधावर गेले हे खरे. पण चाचणीच्या शिस्तीत, डॉक्टरांच्या नजरेखाली ही स्थिती असेल, तर एसटीने तीन तास प्रवास करून, मजुरी बुडवून तालुक्याहून जिल्ह्याला येणाऱ्याकडून अखंड सातत्याची अपेक्षा कशी धरायची? औषध थांबवण्याचा धोकाही लहान नाही. लॉइश्ट आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये स्किझोफ्रेनियाच्या अनेक चाचण्या एकत्र करून पाहिले. औषध चालू ठेवणाऱ्यांपैकी वर्षभरात सुमारे २७ टक्के लोकांचा आजार उलटला, तर औषधाऐवजी औषधी अंश नसलेली गोळी (प्लासिबो) घेणाऱ्यांपैकी ६४ टक्के लोकांचा.

परत येणे हाच नियम आहे, हे संशोधकांच्या आधी प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना कळले होते. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या आणि १९५७ मध्ये भारतात आलेल्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बैठकीत ‘स्लिप’ झालेल्या, म्हणजे पुन्हा प्यायलेल्या, माणसाची खुर्ची कोणी काढून घेत नाही. पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने, मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तिथेही रुग्ण घरी गेल्यानंतरचा पाठपुरावा आणि कुटुंबाचा सहभाग यांना कामात महत्त्वाचे स्थान मिळाले. डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. पुन्हा पुन्हा दाखल होणारी माणसे त्यांच्या रोजच्या पाहण्यातली असणार, हे उघड आहे. तरी या परंपरेतली एक गोष्ट मला खटकते. स्लिप झाली की सोबर दिवसांची मोजणी पुन्हा एकपासून करायची. कित्येकांना त्यातून बळ मिळते, हे मान्य. पण सहा वर्षे कोरडा राहिलेला माणूस एका लग्नाच्या वरातीत घसरला, तर त्याच्या हिशेबातून ती सहा वर्षे पुसली जातात. ‘आता कुठल्या तोंडाने जायचे?’ हा प्रश्न अशा हिशेबातूनच जन्माला येतो.

सोडून गेलेल्यांशी संबंध ठेवल्याने काही फरक पडतो का? या प्रश्नाचे सर्वांत विलक्षण उत्तर सॅन फ्रान्सिस्कोच्या जेरोम मोटो या मानसोपचारतज्ज्ञाने दिले. १९६९ पासून त्यांनी नैराश्यामुळे किंवा आत्महत्येच्या विचारांमुळे रुग्णालयात राहिलेल्यांचा माग ठेवला. घरी गेल्यावर पुढचे उपचार नाकारणारे किंवा महिनाभरात सोडणारे ८४३ जण निघाले. त्यांच्यातून चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला पाच वर्षांत २४ पत्रे गेली, आधी महिन्याला एक, मग दोन महिन्यांनी, मग तीन महिन्यांनी. दुसऱ्याला काहीच नाही. पत्र चार ओळींचे, रुग्णालयात त्यांची मुलाखत घेतलेल्या माणसाचेच. त्यात उपचाराला या असा आग्रह नाही, प्रश्नावली नाही, माहितीची मागणी नाही. तुमची आठवण आहे, बरे असावे, आणि वाटले तर चार शब्द लिहा, एवढाच आशय. सोबत परतीचा पत्ता लिहिलेले पाकीट असे, पण त्यावर तिकीट लावलेले नसे. पहिल्या दोन वर्षांत पत्रे गेलेल्या गटात आत्महत्या स्पष्टपणे कमी झाल्या. नंतर अंतर कमी होत गेले. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने आत्महत्येच्या प्रयत्नानंतर रुग्णालयात आलेल्या १,८६७ जणांवर पाच ठिकाणी अभ्यास केला. त्यांत आपले चेन्नईही होते. निम्म्यांना तासाभराचे बोलणे आणि पुढच्या अठरा महिन्यांत फोनने किंवा प्रत्यक्ष भेटून नऊ वेळा विचारपूस मिळाली. त्या गटात आत्महत्येने मृत्यूचे प्रमाण ०.२ टक्के राहिले, नेहमीची सेवा मिळालेल्यांत २.२ टक्के. व्यसनाच्या क्षेत्रात शिकागोचा प्रयोग आहे. ४४८ जणांपैकी काहींना दर तीन महिन्यांनी गाठून, गरज दिसली तर समजावून, उपचारकेंद्रापर्यंत पोहोचायला मदत केली. असे झाले तेव्हा पुन्हा दाखल व्हायला ३७६ दिवस लागले, एरवी ६०० लागत होते.

यावर पहिली शंका येते ती अशी की दार कायम उघडे ठेवले तर माणूस बेफिकीर होईल, ‘पिऊ, मग पुन्हा जाऊन बसू’ असे म्हणेल. असे म्हणणारे काही असतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण शिक्षेने ते सुधारतात याला आधार नाही, आणि उपचारांबाहेर राहण्याची किंमत मात्र मोजलेली आहे. ब्रिटनमध्ये २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हेरॉइनसारख्या पदार्थांतून बाहेर काढण्यासाठी दाखल झालेल्या १३७ जणांकडे नंतर वर्षभर पाहिले. अतिसेवनाने मरण पावलेले सगळेच जण उपचार पूर्ण केलेल्यांतले निघाले. उपचारानंतर पुन्हा घसरलेल्याच्या शरीराची सवय उतरलेली असते आणि जुन्याच मात्रेने घात होतो. २०१७ च्या एका मोठ्या विश्लेषणातही हेरॉइनसारख्या पदार्थांच्या जागी दिल्या जाणाऱ्या मेथाडोनचे उपचार थांबल्यानंतरचे पहिले चार आठवडे मृत्यूच्या दृष्टीने फार धोक्याचे ठरले. दुसरी शंका खाटांची आहे. एकच माणूस चारदा येणार, तर नव्याने येणाऱ्याला जागा कुठून द्यायची? ही अडचण खरी आहे. पण परत येणे म्हणजे दर वेळी खाट असे कोणी ठरवले? गोळी बदलणे, रक्त तपासणे, तासभर बोलणे यांना खाट लागत नाही. लवकर परतलेल्याची खाट टळण्याचीच शक्यता अधिक. तिसरी शंका मला सर्वांत वजनदार वाटते. सोडून जाण्याचा अधिकार माणसाला नाही का? चोवीस देशांतल्या एका पाहणीत, उपचार सोडलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांनी उपयोग होत नव्हता असे, तर २७ टक्के लोकांनी उपचारकांचा अनुभव वाईट होता असे कारण सांगितले. अशा माणसाला मागे लागून परत आणणे हा जुलूम ठरेल. त्याला बोलवायचेच असेल तर आधी तो का गेला ते विचारून लिहून घेतले पाहिजे. मोटो यांच्या पत्रांचे शहाणपण हेच होते की त्यांनी काही मागितले नाही.

आपले कायदे या बाबतीत अर्ध्या वाटेवर आहेत. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यातले कलम ६४-अ स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण देते. त्यालाच पुढे शेपूट आहे: उपचार पूर्ण केले नाहीत तर हे संरक्षण काढून घेता येते. जो सोडून गेला, त्याला परत फिरण्याची भीती वाटावी अशीच ही तरतूद आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक अवस्थाही त्याने मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतल्या, आणि कलम ९८ ने रुग्णाला घरी सोडण्याआधी पुढच्या उपचारांची आखणी करायला सांगितले. ठरल्या तारखेला तो आलाच नाही तर फोन कोणी करायचा, हे त्या कलमात नाही. ते ठरवायला नव्या कायद्याची गरजही नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून चालू आहे आणि त्याच्या चमूत मानसोपचारतज्ज्ञाबरोबर समाजसेवक, परिचारिका आणि नोंदी ठेवणारा सहायक अशी पदे ठरलेली आहेत. त्या सहायकाच्या वहीत तीन रकाने वाढवायचे आहेत: शेवटची भेट कधी, आपण कधी विचारपूस केली, आणि परत आला तेव्हा जाण्याचे काय कारण सांगितले.