शाईचे रूळ

मुद्रणकलेचा विचार करताना आपल्या डोळ्यांपुढे प्रथम येतात ते खिळे आणि त्यानंतर दाब देणारे यंत्र. शाईची आठवण सहसा शेवटी होते. ती डब्यातून काढावी आणि खिळ्यांना लावावी, यात विशेष ते काय, असे वाटणे साहजिक आहे. परंतु यांत्रिक मुद्रणाचा इतिहास जरा बारकाईने पाहिला तर निराळेच चित्र दिसते. दाब देण्याचा प्रश्न तुलनेने लवकर सुटला. वाफेची शक्तीही हाताशी होती. खरी अडचण होती ती अक्षरांना प्रत्येक वेळी सारखी, पातळ आणि अखंड शाई लावावयाची कशी ही. ही अडचण दूर झाली तेव्हाच छापखान्यातले यंत्र खऱ्या अर्थाने यंत्र झाले. ती कशी दूर झाली, ते आज पाहावयाचे आहे.

प्रथम शाईचेच स्वरूप ध्यानात घेऊ. छपाईची शाई म्हणजे दौतीतली शाई नव्हे. जवसाचे तेल आटवून त्यात काजळी घोटली की जो चिकट, घट्ट पदार्थ होतो तो पूर्वीपासून मुद्रकांच्या कामी येत असे. तो पाण्यासारखा आपण होऊन पसरत नाही. त्याला पसरवावे लागते. शिवाय अक्षराच्या माथ्यावर त्याचा जो थर बसावयाचा तो मिलिमीटरच्या काही सहस्रांशांइतकाच असावा लागतो. थर जाड झाला की ‘भ’ आणि ‘घ’ यांची पोटे भरून जातात. फार विरळ झाला की अनुस्वार आणि रफार यांचा मागमूस उरत नाही. मराठीत या ठिपक्याचे मोल मोठे आहे. ‘त्याने’ आणि ‘त्यांनी’ यांतला एकाचा आणि अनेकांचा भेद पुष्कळ अंशी त्या ठिपक्यावरच अवलंबून आहे.

यंत्रे येण्यापूर्वी हे काम हातांनी होत असे. लाकडी मुठीच्या टोकाला कातड्याचा एक गोलसर गोळा बसविलेला असे व त्यात लोकर किंवा घोड्याचे केस ठासून भरलेले असत. असे दोन गोळे दोन हातांत घेऊन कारागीर ते शाईच्या फळीवर टेकवी, एकमेकांवर फिरवून घोळवी आणि मग जुळविलेल्या खिळ्यांवर, म्हणजे फर्म्यावर, ठोकून शाई देई. दुसरा कारागीर कागद ठेवून दांडा ओढी. पंधराव्या शतकापासून सुमारे साडेतीनशे वर्षे युरोपात हीच रीत चालली. लॉर्ड स्टॅनहोप यांनी १८०० च्या सुमारास लोखंडी दाबयंत्र प्रचारात आणले. त्याने दाब चांगला बसू लागला; पण कागदाची एक बाजू छापण्याचा वेग ताशी अडीचशेच्या पुढे क्वचितच जाई. शाई ठोकणाऱ्या मनुष्याचे हात याहून वेगाने चालत नसत, हे त्याचे एक मोठे कारण होते.

मग गोळ्याऐवजी रूळ का वापरू नये? ही कल्पना कोणालाच सुचली नव्हती असे नाही. विल्यम निकल्सन या इंग्रज गृहस्थाने १७९० मध्येच रुळाने शाई देणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले होते. मात्र ते यंत्र प्रत्यक्षात उतरले नाही. स्टॅनहोप यांनीही रुळासाठी नाना प्रकारची कातडी वापरून पाहिली. परंतु रुळाला कातडे गुंडाळावयाचे म्हणजे त्याची दोन टोके कोठेतरी शिवणे आले, आणि ती शीव दर फेऱ्याला अक्षरांवर आपली रेघ उमटवून जाई. गोळ्याला हा दोष नव्हता, कारण त्याची गाठ मुठीकडे, पाठीमागे राही. एका शिवणीने एवढी मोठी कल्पना अडवून धरली होती.

या अवस्थेत फ्रीडरिख क्योनिग हा जर्मन मुद्रक १८०६ मध्ये लंडनला आला. आंद्रेआस बाउअर या आपल्या देशबंधूच्या साहाय्याने त्याने वाफेवर चालणारे मुद्रणयंत्र तयार केले. फिरत्या नळकांड्यावर कागद आणि त्याखालून पुढेमागे सरकणारा फर्मा, अशी त्याची मांडणी होती. शाईसाठी त्याने एक उंच उतरंडच उभारली. वर शाईची नळी. दट्ट्याने तीतून शाई खाली ढकलली जाई. ती दोन लोखंडी रुळांमध्ये पडे, तेथून खालच्या रुळांवर आणि शेवटी अक्षरांना स्पर्श करणाऱ्या कातडी रुळांवर येई. मधले काही रूळ फिरता फिरता डावीउजवीकडेही सरकत, म्हणजे शाई आडवीही पसरे.

लंडनच्या ‘टाइम्स’ पत्राचा २९ नोव्हेंबर १८१४ चा अंक या यंत्रावर छापून निघाला. वेग होता ताशी अकराशे प्रतींचा. जुन्या यंत्रावरचे कामगार दंगा करतील या भीतीने मालक जॉन वॉल्टर यांनी ही सर्व तयारी गुप्त ठेवली होती. अंक निघाल्यावर त्यांनी कामगारांना सांगितले की, दुसरे काम मिळेपर्यंत तुमचे वेतन चालू राहील. यंत्राची थोरवी सांगताना ही गोष्टही सांगितली पाहिजे. कारण शाईचे गोळे खाली ठेवले गेले ते माणसांच्या हातांतून, आणि त्या हातांना दुसरे काम लागणार होते.

क्योनिगचे यंत्र अपूर्व होते यात शंका नाही. पण त्याची शाईची व्यवस्था गुंतागुंतीची होती आणि कातड्याचा जुना दोष तिच्यात राहूनच गेला होता. गंमत अशी की, त्यावरचा उपाय एका अपयशी यंत्रातून आला. ब्रायन डाँकिन आणि रिचर्ड बेकन या दोघांनी १८१३ मध्ये निराळ्या धर्तीचे एक मुद्रणयंत्र बांधले. ते फार अवघड झाले आणि चालले नाही. परंतु त्यात शाईसाठी जो रूळ होता तो कातड्याचा नव्हता. सरस आणि काकवी एकत्र शिजवून साच्यात ओतलेला होता. यंत्र मागे पडले, रूळ मात्र टिकला.

सरस आणि काकवी यांचेच मिश्रण का? सरसामुळे रुळाला आकार आणि लवचिकपणा येतो. काकवी ओलावा धरून ठेवते, म्हणून तो कडक होत नाही. साच्यातून निघाल्यामुळे त्याला शीव नसते. त्याचा पृष्ठभाग किंचित चिकट असतो, त्यामुळे तो शाई सहज उचलतो. आणि मऊ असल्यामुळे खिळ्यांची उंची केसभर कमीजास्त असली तरी प्रत्येक अक्षराला टेकतो. रूळ झिजला किंवा खराब झाला तर वितळवून पुन्हा ओतावा, एवढेच काम. स्वयंपाकघरात शोभण्यासारख्या या पाककृतीने स्टॅनहोप यांना अडविणारा प्रश्न सोडविला.

आता दुसरा प्रश्न उरला, तो शाई सारखी पसरण्याचा. दोन भाकरींच्या मध्ये लोणी घालून त्या दाबल्या आणि पुन्हा अलग केल्या, तर लोणी दोहोंनाही लागलेले दिसते. दोन रुळांमध्ये शाईचे असेच होते. शाईने माखलेला रूळ कोऱ्या रुळाला टेकून सुटला की थर मधोमध फाटतो आणि साधारणपणे निम्मा निम्मा वाटला जातो. आठ भाग जाडीचा थर पहिल्या भेटीत चार, दुसरीत दोन आणि तिसरीत एक भाग होतो. म्हणजे जितक्या भेटी अधिक तितका थर पातळ. पण पातळ होणे आणि सारखे होणे या दोन गोष्टी एक नव्हेत. रूळ एकाच रेषेत फिरत राहिले तर जेथे शाईचा पट्टा दाट होता तेथे तो दाटच राहील. त्याला मोडावयाचे तर रुळांनी बाजूलाही सरकले पाहिजे.

एडवर्ड कूपर या इंग्रज कारागिराने येथेच मोठी सुधारणा केली. १८१८ च्या पेटंटात त्याने रुळांच्या उंच उतरंडीऐवजी एक सपाट फलक योजिला. खिळ्यांचा फर्मा ज्या पाटावर पुढेमागे सरकतो त्याच पाटाच्या टोकाला हा शाईचा फलक जोडलेला. शाईच्या कुंडीतून एक रूळ थोडी थोडी शाई आणून फलकावर ठेवी. फलक सरकताना त्यावरचे दुसरे रूळ ती पसरवीत, आणि तिसरे रूळ त्या फलकावरून शाई घेऊन अक्षरांना देत. पुढे कूपर आणि त्याचा सहकारी ऑगस्टस ॲपलगाथ यांच्या यंत्रांत पसरविणारे रूळ फलकावर तिरपे बसविण्यात आले. रूळ तिरपा असला की फलकाच्या सरळ गतीनेच तो आपोआप आपल्या लांबीच्या दिशेने सरकतो. त्याला सरकविण्यासाठी वेगळी चाके लागत नाहीत. या दोघांनी क्योनिगच्या एका यंत्रात आपली सुधारणा बसविली तेव्हा त्यातली चाळीस चाके काढून टाकता आली. १८२७ मध्ये त्यांनी ‘टाइम्स’साठी बांधलेल्या चार नळकांड्यांच्या यंत्राचा वेग ताशी चार हजारांच्या वर गेला. यंत्र सुधारणे म्हणजे त्यात भर घालणे असे आपण समजतो. येथे सुधारणा झाली ती वजाबाकीने.

आणखी एक दोष सांगितला पाहिजे. समजा रुळाचा घेर सहा इंच आहे आणि फर्मा दहा इंच लांब. पहिल्या सहा इंचांना रुळाची ताजी शाई मिळेल. उरलेल्या चार इंचांवर मात्र तोच रूळ दुसऱ्या फेऱ्यात, शाई देऊन बसल्यावर, जाईल. तो भाग फिका उमटेल. इतकेच नव्हे, तर वरच्या ठळक मथळ्याने रुळावरची जी शाई उचलली त्याची छाया खाली उमटण्याचाही संभव असतो. म्हणून एकाऐवजी दोन-तीन रूळ लावतात, त्यांच्या पाठीवर आणखी एक रूळ ठेवून शाई पुन्हा सारखी करतात, आणि सर्व रूळ एकाच घेराचे नसतील अशी काळजी घेतात.

आपल्या देशातील लहानमोठ्या गावांत ज्या ट्रेडल यंत्रांनी लग्नपत्रिका, हस्तपत्रके आणि पावतीपुस्तके छापली, त्यांत हेच तत्त्व वर्तुळाकार झाले आहे. न्यूयॉर्कच्या जॉर्ज गॉर्डन याने १८५० च्या दशकात रूढ केलेल्या या घडणीत वरच्या बाजूस शाईची गोल थाळी असते. रूळ थाळीवरून फिरून खाली अक्षरांवर येतात आणि तेवढ्या वेळात दाते असलेल्या चाकाच्या योगाने थाळी किंचित वळते. त्यामुळे रुळाचा तोच भाग थाळीच्या त्याच भागाला पुन्हा भेटत नाही. पायाने पावडी मारणाऱ्या मनुष्याला याकडे लक्ष द्यावे लागत नसे.

मात्र सरसाच्या रुळाला हवेचे भान फार. उन्हाळ्यात तो मऊ पडून वितळू लागे, पावसाळ्यात ओलावा शोषून शाई धरीनासा होई, कोरड्या थंडीत आक्रसून कडक होई. म्हणून जाणते मुद्रक उन्हाळ्याच्या रुळात सरसाचे प्रमाण अधिक ठेवीत. विसाव्या शतकात रबराचे रूळ आले आणि ही ऋतुचर्या संपली.

मराठी मुद्रणाच्या आरंभीही शाईचा प्रश्न उभा होताच. गणपत कृष्णाजी यांनी मुंबईत अमेरिकन मिशनऱ्यांचे छापकाम पाहून स्वतः यंत्र सिद्ध केले, शाईही स्वतःच तयार केली आणि १८३१ मध्ये शिळाछापावर मराठी पंचांग काढले. शिळाछापाची रीत वेगळी असली तरी शाई नीट साधल्यावाचून ग्रंथ साधत नाही, ही गोष्ट त्यांच्याही अनुभवास आली असली पाहिजे.

शासनाच्या कामाशी ज्यांचा संबंध येतो त्यांना या विषयाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. १९५१-५२ मध्ये देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. तिच्यासाठी कोट्यवधी मतदारांच्या याद्या छापाव्या लागल्या. अशा यादीत नाव असूनही ते वाचता आले नाही, तर मतदानकेंद्रावरच्या अधिकाऱ्यापुढे उभ्या असलेल्या मनुष्याला ते नसल्यासारखेच. राजपत्रातील दशांशचिन्ह, औषधाच्या वेष्टनावरील मात्रा, शाळकरी मुलाच्या पुस्तकातील ऱ्हस्वदीर्घ, या सर्वांची भिस्त शाईच्या त्या पातळ थरावर असते. पहिली प्रत सुरेख निघणे हे कौशल्य होय; पण दहा हजारावी प्रत पहिलीसारखीच निघणे हा वाचकाचा हक्क आहे. दूरच्या खेड्यात ज्याच्या वाट्याला शेवटची प्रत येते त्याला फिके अक्षर का मिळावे?

आज खिळ्यांची छपाई जवळजवळ मावळली आहे. वर्तमानपत्रे आणि पुस्तके बहुधा ऑफसेट पद्धतीने छापली जातात. तरी त्या यंत्राचे पोट उघडून पाहिले तर आत रुळांची तीच मालिका दिसेल: शाई आणणारे, बाजूला सरकून ती पसरविणारे आणि शेवटी पत्र्यावर ती देणारे रूळ. थर अजूनही दोन रुळांमध्ये फाटूनच पातळ होतो. शाईचे सूक्ष्म थेंब थेट कागदावर उडविणाऱ्या अलीकडच्या यंत्रांना मात्र रुळांची गरज उरलेली नाही. तरी प्रत्येक ठिपक्याला नेमकी किती शाई द्यावयाची, हा प्रश्न त्यांनाही सुटलेला नाही.

उद्या सकाळी वर्तमानपत्र हाती आले की पहिल्या पानाच्या वरच्या आणि खालच्या ओळींचा काळेपणा एकवार ताडून पाहावा. तो सारखा दिसला, तर सरस आणि काकवी शिजविणाऱ्या, रूळ तिरपा बसविणाऱ्या आणि रोज सकाळी ते रूळ पुसून जागेवर लावणाऱ्या पुष्कळ माणसांचे काम त्या सारखेपणात आहे असे समजावे.