चौकट : डीबगरला मर्यादा का हवी?

चालू प्रोग्रॅम मध्येच थांबवून त्यातली मूल्ये दाखवणारे साधन म्हणजे डीबगर. मूल्य दाखवण्याआधी त्याला ते मेमरीतून वाचावे लागते. सुरुवातीचे मूल्य न दिलेल्या व्हेरिएबलमध्ये आकाराच्या जागी कचरा असेल, तर डीबगर कित्येक गिगाबाइट वाचायला निघतो आणि संगणक अडकतो. सिरियल केबलने जोडलेल्या बोर्डावर तर काही मेगाबाइटही जड जातात.

● जीडीबी : या डीबगरमध्ये 2016 मधील 7.11 आवृत्तीपासून ‘मॅक्स-व्हॅल्यू-साइज’ ही सेटिंग आहे. मूळ मर्यादा 65,536 बाइट. ती वाढवता येते, काढूनही टाकता येते. मात्र 16 बाइटच्या खाली नेता येत नाही.

● ‘प्रिंट एलिमेंट्स’ : जीडीबीचीच दुसरी सेटिंग. अ‍ॅरे किंवा मजकुरातले किती घटक दाखवायचे ते ठरवते. मूळ मर्यादा 200.

● एलएलडीबी : या दुसऱ्या डीबगरची ‘मेमरी रीड’ ही आज्ञा एका वेळी 1,024 बाइटपर्यंतच वाचते. जास्त हवे असल्यास तसे स्पष्ट सांगावे लागते.

● मराठी मजकूर : यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेते. काना, मात्रा, वेलांटी ही वेगळी चिन्हे. वर्ध्यालगतच्या ‘नालवाडी’ या नावाला 7 चिन्हे, म्हणजे 21 बाइट लागतात. म्हणून एक घटक म्हणजे एक बाइट धरल्यास 200 बाइटमध्ये इंग्रजीची 200 अक्षरे मावतात, मराठीची जेमतेम 66 चिन्हे.

मराठी मजकूर तपासताना तो अर्धवट दिसला, तर आधी ‘प्रिंट एलिमेंट्स’ची मर्यादा पाहा. गरजेपुरती वाढवा, पण कायमची काढून टाकू नका.