काळी एक आणि पन्नास हर्ट्झ

फिलिप्सने १९६३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात पहिली कॅसेट मांडली. आपल्या मध्यमवर्गीय घरांत मात्र ती खरी रुळली ऐंशीच्या दशकात, टू-इन-वनच्या सोबतीने. त्याआधीचा स्पूलवाला टेपरेकॉर्डर एखाद्या गानवेड्या डॉक्टर-वकिलाकडे असायचा. आता ‘रेकॉर्ड’ आणि ‘प्ले’ ही दोन बटणं एकदम दाबली की कुणाचाही आवाज राहू लागला. रेडिओवरची नाट्यगीतं तर सगळेच टेप करायचे. पण मंगळागौरीचे खेळ, गणपतीतल्या आरत्या, शाळेच्या स्पर्धेआधी घोकलेलं भाषण, दूरदेशी गेलेल्या मुलासाठी सगळ्या घरानं मिळून बोललेली कॅसेट, हेही त्याच फितींवर चढत गेलं.

गेले काही महिने मी आमच्या घरच्या कॅसेटी संगणकावर उतरवतो आहे. यातलं नाट्यसंगीत आज कुठेही मिळतं, घरातले आवाज दुसरीकडे कुठेच नाहीत. त्यामुळे क्रम ठरवणं सोपं गेलं, आधी घरातले आवाज. घाईचं कारणही खरं आहे. युनेस्को आणि ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१९ मध्येच जगाला सावध केलं होतं, की फिती टिकल्या तरी त्या वाजवणारी यंत्रं, त्यांचे सुटे भाग आणि ती दुरुस्त करणारे हात संपत चालले आहेत.

काम संथ आहे आणि मला ते फार आवडतं. प्रत्येक कॅसेट वेगळ्या यंत्रावर भरलेली, म्हणून हेडचा कोन दर वेळी जुळवावा लागतो. शेजारचा बारीक स्क्रू किंचित फिरवत राहायचं, मग एका जागी दबलेला आवाज एकदम मोकळा होतो. चोवीस बिटांची मूळ प्रत तशीच जपून ठेवायची, खरखर काढायची ती दुसऱ्या प्रतीवर.

खरा पेच वेगाचा. फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर धावायला हवी. सेल उतरलेले असताना भरलेली फीत हळू चाललेली असते, म्हणून आज योग्य वेगाने लावली की आजोबा लहान मुलासारखे बोलतात. विजेवर भरलेल्या टेपमध्ये मागे बारीक गुणगुण असते. ती आपल्या विजेची, पन्नास हर्ट्झची. मोजल्यावर बावन्न निघाली तर वेग चार टक्के चढा आहे, हे कळतं. सेलवरच्या टेपमध्ये ही गुणगुण नसते. तिथे मला पेटीने हात दिला. वडिलांची भजनं याच पेटीवर, काळी एकमध्ये होत. पेटी कपाटावरून काढली, धूळ झटकली, भात्याची चिकटपट्टी बदलली आणि टेपमधला षड्ज तिच्या सुराशी जुळेपर्यंत वेग कमी करत आणला. वडिलांचा आवाज त्यांच्या जागी आला. त्या दिवसापासून संध्याकाळी पुन्हा पेटी वाजवतो. कॉलेजनंतर सुटलेला हात जड झालाय, द्रुत तान बोटांत येत नाही, पण भजनाची साथ जमते.

आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दार बंद ठेवलं होतं. पुढेही घरगुती भजनाला साथ करणाऱ्या हौशी वादकांचा आवाज रेडिओवर कुठून येणार? तो जिथे राहिला असेल, तिथे अशाच कॅसेटींत राहिला असेल.

पण वेग जुळवून देणारी पेटी आवाज कुणाचा ते सांगत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुण्याहून उभ्या केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या कामात एक लाखाहून जास्त ओव्या आहेत. त्यांतल्या ओवीसोबत गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव नोंदलेलं सापडतं, आणि मला ती नोंद ओवीइतकीच मोलाची वाटते. आमच्या कॅसेटींवर लिहिलंय एवढंच: ‘मंगळागौर, बाजू अ’. म्हणून आता फाइल तयार झाली की आईला आणि काकांना एकत्र बसवतो, फोन मध्ये ठेवतो आणि ते ओळखतील ती नावं मिनिट-सेकंदासह लिहून घेतो. त्यांच्यात वाद होतात, तेही लिहितो. मंगळागौरीच्या टेपमध्ये मध्येच ‘थांबा गं, पुढचं मी म्हणते’ असं ठणकावून सांगणारी एक बाई आहे. आई म्हणते खालच्या मजल्यावरच्या काकू, काकांना ते पटत नाही. दिवाळीला मावशी यायची आहे, तिला ऐकवणार आहे.