नालंदेची खोली

बोधगयेची वंदना आटोपून आम्ही राजगीरला मुक्काम केला. मित्र माथाडी कामगार, दहावीला दोनदा नापास. त्याला म्हटलं, "चल, नालंदा पाहून येऊ." बारा-तेरा किलोमीटर, शेअर रिक्षानं गेलो.

पाचव्या शतकात कुमारगुप्ताच्या काळी उभं राहिलेलं हे महाविहार. मधे अंगण, चहूबाजूंना भिक्खूंच्या विटांच्या खोल्या. मित्रानं एका खोलीत पावलं मोजली. "आमच्या खोलीएवढीच की रे!"

सातव्या शतकात ह्युएन त्संग इथं शिकला. दारावरचा पंडित प्रश्न विचारी. दहांतले सात-आठ परत जात.

"म्हणजे तेव्हाही नापास होतेच!" मित्र हसला.

मी पडलो कारकून. मला हिशेब सुचला. राजानं शंभर गावांचा महसूल लावून दिला होता, म्हणून विद्यार्थ्याला अन्नवस्त्रासाठी दारोदार फिरावं लागत नसे. आपली पोरं फीपाशीच अडतात.

इ.स. १२०० च्या सुमारास आक्रमणात हे सारं उद्ध्वस्त झालं. १९१५ पासून पुरातत्त्व खात्यानं खणून काढलं.

परतताना मित्र गप्प होता. मुलगी बारावी झालेली. तिला कामाला लावायचं त्यानं ठरवलं होतं. स्टँडवर उतरता उतरता विचारलं, "शिष्यवृत्तीचा अर्ज कधीपर्यंत भरता येतो?"