काळ्या मातीतले हत्ती

आफ्रिकेचा नकाशा समोर घ्या. सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेला, समुद्रकिनारा नसलेला चाड नावाचा देश सापडेल. त्याच्या आग्नेय भागात झाकूमा हे राष्ट्रीय उद्यान आहे. स्थापना १९६३ सालची, क्षेत्रफळ सुमारे ३००० चौरस किलोमीटर. केनिया-टांझानियाकडे रीघ लावणारे प्रवासी इकडे क्वचितच फिरकतात. राजधानी एन्जामेना इथून फार दूर आहे, हे एक कारण. पण खरी अडचण आहे मातीची.

ही माती आपल्या ओळखीची आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या कापसाच्या काळ्या जमिनीची ती भावंडच! तिच्यातील खनिजांचे कण पातळ पापुद्र्यांचे बनलेले असतात. पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की माती फुगते, वाळली की आकसून भेगाळते. जून ते ऑक्टोबर या पावसाळ्यात नद्या पात्राबाहेर पसरतात, वाटा चिखलात बुडतात आणि उद्यान पाहुण्यांना बंद होते. जावे ते मार्च-एप्रिलमध्ये. ऊन भाजून काढते, पण उरल्यासुरल्या डोहांभोवती जिराफ, रानरेडे, पेलिकन अशी सगळी मंडळी एकत्र दिसतात. क्वेलिया या चिमणीएवढ्या पक्ष्यांचे थवे तर दुरून धुराच्या लोटासारखे भासतात.

पावसाळ्यात हत्तीही चिखल टाळून उद्यानाबाहेरच्या कोरड्या जमिनीकडे जातात. नकाशावरची हद्द त्यांना काय ठाऊक? नेमके तिथेच घोड्यांवरून येणारे शिकारी हस्तिदंतासाठी त्यांना मारत. २००२ साली ४००० हून अधिक असलेले हत्ती २०१० साली सुमारे ४५० उरले. ते एकच मोठा कळप करून राहू लागले आणि पिले जवळजवळ दिसेनाशी झाली. सततच्या भीतीचा आणि धावपळीचा प्रजननावर परिणाम झाला, असे अभ्यासक मानतात.

२०१० मध्ये चाड सरकारने 'आफ्रिकन पार्क्स' या संस्थेकडे व्यवस्थापन सोपवले. काही हत्तींच्या गळ्यात उपग्रहाला ठिकाण कळवणारे पट्टे बांधले गेले. पावसाळ्यात कळप जिकडे जाई तिकडे रक्षकही जाऊ लागले, घोड्यांवरून. काळ्या चिखलात मोटारीपेक्षा घोडा बरा! शिकार थांबली, तरी पिले लगेच कशी दिसणार? हत्तिणीचा गर्भकाळच सुमारे २२ महिन्यांचा. त्यामुळे काही वर्षे वाट पाहावी लागली. २०१८ च्या मोजणीत हत्तींची संख्या ५५० च्या वर गेली होती, आणि त्यांत पाच वर्षांखालील पिले शंभराहून अधिक होती.